मांड्यांच्या जोरावर पेट्रा

मी पिरॅमिड पाहिला तो कैरोतल्या हॉटेलच्या गच्चीवरून, हातात पिळलेली फडकी घेऊन. पाहिला म्हणजे त्याचं टोक पाहिलं. दोन इमारतींच्या फटीतून, धुरकट हवेत, मार्केट यार्डात धान्याची रास ओतलेली दिसावी तसं काहीतरी पिवळट वर आलेलं होतं. मी फडकी वाळत घातली, पदर सारखा केला आणि त्या टोकाकडे बघून हसले, जणू त्यानं मला ओळखलंच. चाळिशी गाठलेली बाई, दोन लेकरांची आई, आणि अक्कल एवढी.

नव्वदीचं दशक होतं. आम्ही खानदेशातून सुरतेला येऊन बमरोलीत स्थिरावलो होतो. नवरा मिलमध्ये होता, मी घरी बसून साड्यांचे धागे कापायचे. पुढे डोळे दुखायला लागले म्हणून एका रसोईवाल्याकडे रोटल्या लाटायला जाऊ लागले. गुजराती पंगतीत रोटली लाटणारीला उसंत नसते. रोटली विस्तवावर फुगली की थेट ताटात पडली पाहिजे. आधी करून ठेवलेली रोटली वाढणं म्हणजे पाहुण्याला ‘आता निघा’ म्हणण्यासारखं. माझा हात चालायचा बरा, आणि तोंड त्याहून बरं चालायचं.

त्या वर्षी साडीबाजारातली काही कुटुंबं मिळून अरब देशांच्या सहलीला निघाली. सुरतेकडच्या मंडळींची एक पद्धत आहे. ती जगाच्या पाठीवर कुठंही जातील, पण स्वैपाकी बरोबर नेतील. महाराज, शेगडी, कुकर, पीठ, हिंग, सगळं विमानात चढतं. कैरो बघायचं, मग समुद्र ओलांडून जॉर्डन, तिथलं वाळवंट, डोंगरात कोरून काढलेलं पेट्रा नावाचं जुनं शहर, आणि शेवटी दमास्कस, असा बेत होता. महाराज ठरलेले होते. रोटलीवाली ऐन वेळी आजारी पडली, आणि सहल काढणाऱ्या शेठनं मला बोलावणं धाडलं.

मग या बयेनं काय करावं? गल्लीभर सांगत सुटली की मी फिरायला चाललेय. स्वैपाकाचं अवाक्षर नाही. नळावर बायकांना पिरॅमिड समजावून सांगितला, तोही हंडा पालथा घालून. काळा चष्मा घेतला आणि तो घालून घरात वावरायची सवय केली. एकदा तो घालूनच वरणात साखर टाकली. ‘थँक्यू’ पाठ केलं. परदेशात सगळे इंग्रजी बोलतात आणि इंग्रजी म्हणजे थँक्यू, एवढा तिचा हिशेब.

सासू मात्र ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. घरात ती अहिराणीच बोलायची. म्हणाली, “रांधाले जाई राहिनी ना वं? मंग चुल्हा ते अठे बी शे. चुल्हा देखाले इतली लांब कसाले जास?”

स्वैपाकालाच चाललीस ना, चूल तर इथंही आहे, ती बघायला एवढ्या लांब कशाला जातेस, असं तिचं म्हणणं. नवरा हसला. मी काळ्या चष्म्याआडून दोघांकडे बघितलं आणि मनात गाठ मारली. आता काहीही होवो, यांच्यासमोर परत येऊन उभी राहीन तेव्हा डोळ्यांत चुलीशिवाय दुसरं काहीतरी असेल.

कैरोत पहिल्याच दिवशी माझी गाठ सैल झाली. हॉटेलचं स्वैपाकघर तळघरात होतं. मंडळी सकाळी नाश्ता करून बसमध्ये चढायची आणि दुपारी भुकेजून परतायची. तोवर महाराजांची दाळ-शाक तयार आणि माझ्या पिठाचे गोळे तयार. ती टेबलाशी बसली की मी शेगडीशी. वर जेवणाच्या खोलीतून पिरॅमिडच्या गप्पा ऐकू यायच्या. कुणी उंटावर बसलं, कुणाचा उंट शिंकला, कुणी आत वाकून वाकून गेलं. मी एकेक रोटली वर धाडत होते आणि त्यांचा पिरॅमिड गप्पांतून खाली माझ्याकडे येत होता.

महाराज राजस्थानातले. उंच, सुकलेले, कपाळावर टिळा, सोवळ्याओवळ्याचे पक्के. अशा पुष्कळ सहली त्यांनी केल्या होत्या आणि ते त्या अधूनमधून जपमाळेसारख्या मोजून दाखवत. मी विचारलं, “महाराज, लंडन कसं आहे?”

“वहाँ का गैस तेज है,” ते म्हणाले.

“आणि सिंगापूर?”

“चूल्हा बिजली का. दाल ठीक से नहीं गलती.”

मी गच्चीवरून बघितलेलं टोक त्यांना सांगितलं तर म्हणाले, “पत्थर है. आटा गूँध.”

मी शेठला विचारून बघितलं. दुपारच्या जेवणाला दाळ-भात वाढू, मला एकदा न्या. शेठ भला माणूस, नाही म्हणायला त्याला जड जायचं, म्हणून तो दरवेळी मोटाबेनकडे बोट दाखवायचा. मोटाबेन ही त्या मंडळींतली सगळ्यांत वडील बाई. गुडघ्यांनी बेजार, पण शब्द तिचाच चालायचा. ती म्हणाली, “मने ठंडी रोटली गळे नथी ऊतरती, बेन.” थंड रोटली तिच्या घशाखाली उतरत नव्हती आणि रोटलीवाचून तिचं जेवण होत नव्हतं. घरून आणलेले थेपले कैरोतच संपले होते, आणि ते तर बसमध्ये तोंडात टाकायला. जेवणाला रोटलीच लागायची, आणि तीही फुगलेली. म्हणजे मंडळी जेवायची तिथं मी शेगडीशी, आणि मंडळी फिरायची तेव्हाही मी शेगडीशी. पेट्रातही हॉटेल शहराच्या वेशीबाहेर होतं. मंडळी आत जाणार, मी बाहेर पीठ मळणार, हे ठरल्यासारखंच होतं.

पण वाळवंटात हॉटेल नव्हतं. समुद्र ओलांडून आम्ही जॉर्डनमध्ये उतरलो आणि एका रात्रीचा मुक्काम तिथल्या भटक्या लोकांच्या तंबूंत होता. स्वैपाकघर नाही म्हणजे स्वैपाक उघड्यावर, म्हणजे शेगडी जाईल तिथं मी. एका उघड्या जीपमध्ये पातेल्यांच्या मधोमध बसून मी वाळवंटात शिरले. एका हातानं कुकर धरलेला, दुसऱ्यानं चष्मा.

मला वाटलं होतं, वाळू म्हणजे तापीच्या काठी असते तशी असेल, जरा जास्त. इथं तर जमीन भट्टीतून काढलेल्या विटेच्या रंगाची. मधेच डोंगर सरळ उभे, पायथ्याशी चढ नाही, उतार नाही. जणू कुणीतरी आत्ताच आणून ठेवलेत आणि अजून लावायचे आहेत. जीप थांबली, इंजिन बंद झालं, आणि मी घाबरले. काही ऐकूच येईना. बमरोलीत आमच्या भिंतीला भिंत लावून लूम चालायचे, दिवसरात्र खटखट, झोपेतसुद्धा. इतक्या वर्षांत कानांना रिकामं राहणं माहीतच नव्हतं.

“महाराज,” मी म्हणाले, “माझे कान गेले.”

“मेरी भी सुनाई दे रही है?”

“हो.”

“तो नहीं गए. बर्तन उतार.”

ऊन कलायला लागलं तसा वारा सुटला. महाराजांनी शेगडी पेटवली, वाऱ्यानं विझवली. त्यांनी भोवती डबे रचले, घोंगड्या धरल्या, देवाचं नाव घेतलं. दाळ कशीबशी शिजली. माझी रोटली मात्र काही केल्या फुगेना. आच एका बाजूला पळायची, रोटली एका बाजूनं करपून दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. मंडळी गालिच्यावर बसून ताटांकडे बघत होती. मोटाबेननं एक रोटली वाकवली, ती मोडली. तिनं ती बाजूला ठेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मला शेजारच्या तंबूमागून भाजल्या पिठाचा वास आला.

तिथं एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, काळा पायघोळ अंगरखा, हनुवटीवर गोंदण. दगडांच्या आडोशाला काटक्यांचा जाळ, त्यावर लोखंडाची मोठी कढई पालथी घातलेली. ती कणकेचा गोळा घ्यायची, तळहातावर थापायची, मग या हातावरून त्या हातावर फेकत फेकत वाढवायची. बघता बघता त्याची चादर व्हायची. ती कढईच्या पाठीवर पसरायची आणि दोन श्वासांत उचलायची.

“माय वं,” माझ्या तोंडून निघालं, “हाई ते आमनं खापर शे.”

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा मांडे होतात. मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं घालायचं आणि सैलसर कणकेचा गोळा हातांवर, मनगटांवर, पार कोपरांपर्यंत खेळवत मोठा करून त्यावर सोडायचा. लाटणं लागत नाही. माझी आई हे गप्पा मारता मारता करायची. मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा मांडे येतात म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं आणि पहिलाच मांडा कोपरावर फाटून गळ्यात हारासारखा पडला होता. पुढं शिकले. मग सुरतेच्या खोलीत ना खापर, ना ते मांडायला जागा. कितीतरी वर्षं ते हात नुसते रोटल्या लाटत बसले होते.

मी तिच्यासमोर बसले आणि परातीतला गोळा उचलला. विचारलं नाही. कोणत्या भाषेत विचारणार? थँक्यू तेवढं येत होतं आणि ते अजून लवकर होतं. गोळा या हातावरून त्या हातावर घेतला. पहिला फाटला, रीतसर. ती हसली, दात दाखवून, डोकं मागं टाकून. तिनं माझी मनगटं धरून जरा खाली केली. दुसरा गोळा कोपरापर्यंत आला आणि टिकला. कढईवर सोडला तेव्हा तो तिच्या चादरीहून बोटभर मोठाच भरला. तिनं भुवया वर केल्या. आमची शर्यत लागली.

मोटाबेनची सून तंबूमागं बघायला आली आणि कानात म्हणाली, “पूछो ना, इस पे मांस तो नहीं पकाते?”

आता हे कसं विचारायचं? मी कढईकडे बोट दाखवलं आणि बकरीसारखी बें बें केली. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा बें केली, जरा करुण, आणि मान कापल्याची खूण केली. तिला वाटलं मला बकरी हवी आहे. ती उठली आणि खरोखरची बकरी कानाला धरून घेऊन आली. सून पळाली. मी, ती आणि बकरी, तिघी एकमेकींकडे बघत उभ्या. शेवटी मी भाकरी दाखवून मान डोलावली, बकरी दाखवून मान हलवली, कढई दाखवून हात पसरले. तिला कळलं. तिनं कानाच्या पाळ्यांना हात लावला, जसं काही मी तिच्या देवघराबद्दल विचारलं होतं, आणि दूर दुसऱ्या चुलीवरचं काळं पातेलं दाखवलं. मांस तिकडं. इकडं फक्त भाकरी.

मोटाबेननं पहिला घास घेतला तेव्हा मी समोर उभी होते. तिनं मांडा बोटांत धरला, उजेडाकडे करून बघितला, दाळीत बुडवला. “आ तो रूमाल जेवी छे,” ती म्हणाली. हातरुमालासारखी आहे. दुसरी मागितली. मग तिसरी. आणि मग विचारलं, उद्यासुद्धा हीच मिळेल का?

असं दार आयुष्यात पुन्हा उघडायचं नाही हे या बयेला कळलं. एरवी मूर्ख, पण तेवढं कळलं.

“मिळेल,” मी म्हणाले, “पण उद्या नाही करणार. आत्ताच करून ठेवते. आमच्याकडे मांडे दोन दोन दिवस राहतात. उद्या दुपारी आत पेट्रातच बसून जेवा, गुडघे दुखवत परत यायला नको. आणि मी तुमच्याबरोबर येणार.”

महाराज कडाडले, “ये काम पे आई है, घूमने नहीं.”

“बेन, गरम रोटली...” शेठ सुरू झाला आणि मोटाबेनकडे बघून थांबला.

मोटाबेन धंदेवाल्या घरातली. सौदा तिला कळत होता. ती म्हणाली, सकाळी मी स्वतः बघेन. मऊ राहिली तर तू चल. कडक झाली तर हॉटेलमध्ये थांब आणि पुन्हा कधी विचारू नकोस.

मी हो म्हणून बसले. खानदेशातले मांडे दोन दिवस राहतात, ते खानदेशात. इथली हवा अशी कोरडी, की धुतलेलं पातेलं पुसायच्या आत वाळत होतं. मी त्या बाईकडे परत गेले आणि तिच्याशी अहिराणीतच बोलले. हिंदी बोलले असते तरी तिला तेवढंच कळलं असतं. वाळलेला तुकडा मोडून दाखवला, सूर्य उगवायची खूण केली, कपाळाला हात लावला. तिनं तिच्या भाकरी घडी घालून कापडात गुंडाळल्या, कापडावर पाण्याचा हबका मारला आणि गाठोडं उशीखाली घेतल्यासारखं करून दाखवलं. उबेत ठेव, उघडू नकोस.

आता कापड. माझ्या साड्या सगळ्या नायलॉनच्या, कारण विलायतेत सुती नेसून कोण जातं. मंडळींचे टॉवेल साबणाच्या वासाचे. तंबूच्या दोरीवर मात्र एक स्वच्छ, पांढरं, मऊ सुती कापड वाऱ्यावर डोलत होतं. महाराजांचं सोवळ्याचं धोतर. मी इकडं तिकडं बघितलं आणि ओढलं.

आम्ही दोघींनी दिवस मावळेपर्यंत मांडे केले. निघताना मी तिला डब्यातली मूठभर वेलची दिली. तिनं वास घेतला, दोन वेलच्या लगेच ठेचून कॉफीत टाकल्या आणि उरलेल्या अंगरख्यात कुठंतरी गायब केल्या. तेव्हा मी थँक्यू म्हटलं. तिनंही काहीतरी म्हटलं. दोघींनाही ते पुरलं.

सकाळी महाराज दोरीसमोर उभे. “मेरी धोती कहाँ है?”

मी गाठोडं पुढं आणलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला एरवी दया आली असती. पण मोटाबेन येऊन बसली होती. मी गाठ सोडली. वरची घडी उचलली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती उलगडली, मुठीत चुरगळली आणि मूठ उघडली. मांडा तिच्या तळहातावर झोपेतून उठल्यासारखा हळूहळू पसरला.

“पोची छे,” मोटाबेन म्हणाली. मऊ आहे. मग कापडाकडे बघून विचारलं, “कोनी धोती छे?”

“महाराजांची. सोवळ्याची.”

“तो तो सारू,” मग तर बरंच, असं म्हणून ती उठून जीपकडे चालायला लागली.

महाराजांनी गाठोडं माझ्या हातून घेतलं. धोतर जिथं जाईल तिथं ते स्वतः जाणार होते. ते परक्या माणसाच्या हाती देणं त्यांना मंजूर नव्हतं.

पेट्रात शिरायची वाट म्हणजे डोंगराला गेलेली चीर. दोन्ही बाजूंना कडे इतके उंच, की वर आभाळाची नुसती दोरी उरते. मोटाबेन घोडागाडीत बसून पुढं गेली. बाकीचे फोटो काढत रेंगाळले. मी चालत होते आणि माझ्यामागं महाराज, डोक्यावर गाठोडं, तोंडानं काहीतरी पुटपुटत. दगडांवर तांबड्या, जांभळ्या, पिवळ्या पट्ट्या होत्या. आमच्याकडं मिलच्या रंगखात्यातून पाणी वाहतं तेव्हा असे पट्टे दिसतात, पण ते बघून कुणी थांबत नाही. मी थांबले. हात लावला. चष्मा काढून पुन्हा बघितलं. इतके दिवस ती बया सगळं काळ्या काचेतून बघत आली होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

वाट वळली, फटीतून गुलाबी उजेड आला, आणि समोर डोंगराच्या पोटात कोरलेला महाल उभा राहिला. खांब, कमानी, मूर्ती, सगळं एकाच दगडातून, आणि उन्हात तो दगड आतून तापल्यासारखा दिसत होता. मी वाटेच्या मधोमध थांबले.

मागं काहीतरी टेकवल्याचा आवाज झाला. महाराजांनी गाठोडं खाली वाळूत ठेवलं होतं. सोवळं, वाळूत. ते मान वर करून बघत होते, तोंड किंचित उघडं. म्हणाले, “ये सब जगह... बाहर ऐसा कुछ होता है?”

लंडन, सिंगापूर, सगळीकडचा गॅस त्यांना माहीत होता. मी म्हणाले, “असणार, महाराज. त्याशिवाय लोक येतात का.”

दुपारी महालापुढच्या सावलीत मंडळी बसली. लोणचं निघालं, सुकं शाक निघालं, मांडे निघाले. मोटाबेननं मांडा पुढं घेतला आणि सवयीनं माझ्याकडे ताट केलं. तिथून पुढं, पायऱ्यापायऱ्यांची एक वाट पार डोंगराच्या माथ्यावर जात होती. वर आणखी एक महाल आहे, असं वाटाड्यानं सांगितलं होतं.

“वाढून घ्या,” मी म्हणाले आणि निघाले.

मागून शेठनं हाक मारली. मग मोटाबेनचा आवाज आला, “जवा दे ने.” जाऊ दे तिला.

नायलॉनची साडी पायात येत होती. मी ओचा खोचला. पायऱ्या झिजलेल्या, निसरड्या. दम लागला की वळून बघायची, खाली माणसं तिळाएवढी झालेली. गाढवांवर बसून जाणारे गोरे लोक मला वाट देत होते, बहुतेक माझ्या श्वासाचा आवाज ऐकून. वरचा महाल आला, खालच्याहून थोराड. त्याच्याही पलीकडे चालत गेले, तर जमीनच संपली. खाली सुरकुत्या पडलेले डोंगर, त्यांच्यापलीकडे वाळवंट, पार आभाळापर्यंत, धुळीत विरघळत गेलेलं. मी कड्याशी एका दगडावर बसले. कुणी रोटली मागत नव्हतं. पाय लांब केले आणि डोळे भरेपर्यंत बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

खाली उतरून वेशीबाहेर आले तेव्हा बस उभी होती, सगळी मंडळी आत, इंजिन चालू. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी गाडी थांबवली होती, आणि खरं सांगते, मी शेवटची काही पावलं मुद्दाम सावकाश टाकली.

मागं भांड्यांपाशी माझी जागा होती. तिकडं निघाले तर मोटाबेननं साडी धरून ओढलं. “क्यां हती अत्यार सुधी?” इतका वेळ कुठं होतीस?

“वर,” मी म्हणाले.

“शुं छे उपर?”

मी सांगायला तोंड उघडलं. तिनं गुडघे आवरून घेतले, खिडकीकडे सरकली आणि शेजारी जागा करून दिली. मी बसले आणि बस हॉटेलपर्यंत पोचेतो बोलत राहिले. तिनं एकदाही अडवलं नाही.